आपल्या फायली दुसऱ्याच्या घरी

पत्र असं आहे:

«काका, रावपुऱ्यात आमचा छापखाना आहे. सासऱ्यांनी पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर सुरू केला, आता ऑफसेट आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, कॅलेंडरं असली कामं. हिशेब मी बघते, डिझाइन दीर बघतात, हे मशीनवर असतात. गेल्या गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर लावला तर प्रत्येक फाइलच्या नावाला चार विचित्र इंग्रजी अक्षरं चिकटलेली, आणि एकही फाइल उघडेना. फोल्डरा-फोल्डरात ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी: ९८० डॉलर भरा, ७२ तासांत भरले तर निम्मे, म्हणजे ४९०. हिशेबाच्या टॅलीचा कॉम्प्युटर वेगळा आहे, पण त्याचा ड्राइव्ह सगळ्यांना शेअर केलेला, तोही गेला. बॅकअपची हार्ड डिस्क त्यालाच कायम लावलेली असते, तीही गेली. आदल्या रात्री दिरांनी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन कुठूनतरी फुकट उतरवलं होतं. कॉम्प्युटरवाला म्हणतो, पैसे भरा नाहीतर फॉरमॅट मारू. चौदा वर्षांची डिझाइनं आहेत. सासरे दिरांशी बोलत नाहीत. पैसे भरावेत का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं? — एक सून, बडोदे»

ताई,

आधी त्या फॉरमॅटवाल्या भाईला थांबवा. बाकीचं उत्तर संध्याकाळी निवांत वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र आत्ता करा. सगळे कॉम्प्युटर बंद करून आतल्या डिस्का काढायला सांगा. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवा, कुठल्या कॉम्प्युटरची आणि तारीख काय ते लिहा, बॅकअपची डिस्कही त्यांच्याबरोबरच कपाटात ठेवा. कॉम्प्युटरांत नव्या डिस्का घाला आणि विंडोज नव्याने टाकून कामाला लागा. खर्च काही हजारांचा आहे. आज न उघडणारी फाइल वर्ष-दोन वर्षांनी उघडते असं झालेलं आहे, पण त्यासाठी ती फाइल जागेवर असावी लागते.

आता पैशांचं. भरू नका.

तुम्ही लिहिलेली रक्कम, ७२ तासांची सवलत आणि ‘रीडमी’ची चिठ्ठी यांवरून हे ‘स्टॉप’ नावाच्या कुटुंबातलं रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम, दिसतं. ‘डीजेव्हीयू’ हे त्याचंच दुसरं नाव. मोठ्या कंपन्यांवर नेम धरणारी टोळी ही नव्हे. घरगुती कॉम्प्युटर आणि छोटी दुकानं हेच हिचं गिऱ्हाईक, आणि यायचा रस्ता बहुतेक वेळा एकच: फुकटात मिळालेलं क्रॅक केलेलं, म्हणजे लायसनचं कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर. क्रॅकबरोबरच्या सूचनांत पहिली ओळ असते, ‘अँटीव्हायरस बंद करा’. तुमच्या दिरांनीही तो बंद केला असणार. चोर बेल वाजवून म्हणाला, दाराची कडी काढा, आणि आपण काढली, असा हा प्रकार.

पैसे भरून किल्ली मिळालेले लोकही आहेत, ते मी नाकारत नाही. पण चाळीस हजारांच्या वर रक्कम, तीही बिटकॉइनमध्ये, पावती नाही, पत्ता नाही, आणि मिळालेली किल्ली चाललीच नाही तर तक्रार कुणाकडे करणार? शिवाय ‘आम्ही डेटा काढून देतो’ असं सांगणारी काही दुकानं गुपचूप त्या चोरांनाच पैसे देतात आणि वर आपलं कमिशन लावतात. कुणी तुम्हाला ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हटलं तर त्याला विचारा, कुठल्या पद्धतीने काढणार? उत्तर गुळमुळीत आलं की उठून या.

फुकट सुटायची एक वाट आहे, अरुंद आहे पण आहे. हे रॅन्समवेअर कुलूप लावण्यापूर्वी आपल्या मालकाच्या सर्व्हरला फोन लावतं. फोन लागला तर तुमच्यापुरती वेगळी किल्ली येते, आणि ती फक्त चोराजवळ असते. फोन लागला नाही, नेट बंद असलं किंवा सर्व्हर पडलेला असला, तर ते बरोबर आणलेली ठरावीक किल्ली वापरतं. ही दुसरी किल्ली बऱ्याच जणांना सारखीच लागलेली असते, आणि त्यातल्या कित्येक आता जाणकारांच्या हाती आल्या आहेत. एम्सीसॉफ्ट या कंपनीचं मोफत साधन २०१९ पासून अशा फायली उघडतं. चिठ्ठीच्या तळाशी तुमचा ‘पर्सनल आयडी’ असेल, त्याची शेवटची दोन अक्षरं बघा. इंग्रजी टी आणि त्यापुढे १ असेल तर किल्ली बहुधा ठरावीक प्रकारची, म्हणजे आशेला जागा आहे. तसं नसेल तर आज तरी इलाज नाही. साधन उतरवायचं ते ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावरून. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ते जुलै २०१६ मध्ये सुरू केलं. गूगलवर शोधून जो पहिला दिसेल तो ‘डिक्रिप्टर’ (कुलूप उघडणारं साधन) घेऊ नका. २०२० मध्ये याच ‘स्टॉप’चा डिक्रिप्टर असल्याचं सोंग घेऊन दुसरंच रॅन्समवेअर फिरत होतं. कुलूपबंद फायलींना त्याने वरून आणखी एक कुलूप ठोकलं. आणि प्रयोग मूळ डिस्कवर करायचा नाही. तिची प्रत काढून प्रतीवर करायचा.

डिस्क जुन्या पद्धतीची, आत चकती फिरणारी असेल तर पुसलेल्या फायली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने थोडं काही हाती लागू शकतं. एसएसडी, म्हणजे बिनचकतीची नवी डिस्क, असेल तर ती आशा धरू नका. एक मात्र तपासा: हे रॅन्समवेअर मोठ्या फाइलचा सुरुवातीचाच भाग बिघडवतं, कारण त्याला घाई असते. त्यामुळे मोठ्या झिप फायली असतील तर त्यांतल्या पहिल्या एक-दोन सोडून पुढच्या निघण्यासारख्या असतात. जुनी कामं झिप करून ठेवायची दिरांना सवय असेल तर ती आता कामी येईल.

आजच करायचं आणखी एक काम, जे नव्वद टक्के लोक विसरतात. (नव्वद हा माझा आपला अंदाज, कुठे छापू नका.) हे कुटुंब एकटं येत नाही, बरोबर पासवर्ड चोरणारा भिडू आणतं. ब्राउझरमध्ये ‘सेव्ह’ केलेले पासवर्ड गेले असंच धरून चाला. तुमच्या फोनवरून, त्या कॉम्प्युटरांवरून नव्हे, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग नेटबँकिंग, मग जीएसटी. ईमेल आधी एवढ्यासाठी, की बाकी सगळ्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’चे निरोप तिथेच येतात. ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हे बटण दाबा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

तक्रार १९३० या फोननंबरवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा. चोर सापडेल म्हणून नव्हे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. उद्या कुणी मागितली आणि नसली, तर ती का नाहीत याचा तारखेचा कागद हातात हवा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेलाही ईमेल करून ठेवा. त्यांचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश सहा तासांत कळवा म्हणतो. ते सहा तास गुरुवारी दुपारीच संपले, तरी कळवा.

आता मला ज्यात खरा रस आहे तिकडे येतो.

तुम्हाला वाटतंय, चौदा वर्षांचं सगळं गेलं. मला नाही वाटत. तुमच्या दुकानातलं गेलं. आपल्या गावात ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथे तयार झाली, १९६० ते १९७५ या काळात सात कांडं छापून निघाली. मूळ पोथी कुठेच नव्हती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून, वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या मिळवल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि ओळ न् ओळ जुळवली. पोथी टिकली ती कुणी एका कपाटात जपली म्हणून नाही, तर नकलून नकलून शंभर घरी गेली म्हणून. तुमच्या पत्रिकांचंही तसंच झालेलं आहे, फक्त तुम्ही त्याला बॅकअप म्हणत नव्हता.

पहिला फोन सीएला. ऑडिटच्या वेळी टॅलीचा बॅकअप त्यांना पेनड्राइव्हवर किंवा ईमेलने दिला असेल. त्यांच्याकडे तो नक्की पडून असणार, सीए लोक काही टाकत नाहीत. म्हणजे मार्चपर्यंतचा हिशेब आला. एप्रिलपासूनचं भरायचं तर जीएसटी पोर्टलवर तुमचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, आहे. त्यात धंदेवाल्या गिऱ्हाइकांची बिलं नंबरासकट मिळतील. खरेदीची बाजू जीएसटीआर-२बी मध्ये. लग्नपत्रिकेची गिऱ्हाइकं मात्र तिथे नावानिशी सापडणार नाहीत, त्यांची नुसती बेरीज असते. तिथे बिलबुकाच्या कार्बन कॉप्या काढा. छापखान्यात बिलबुक नसेल तर कुठे असेल! वरून बँकेचं स्टेटमेंट ताडून बघा. आठ-दहा दिवसांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण होतं.

दुसरा फोन छपाईची प्लेट काढून देणाऱ्याला. तुम्ही स्वतः सीटीपी (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढणारं यंत्र) लावलं नसणार, रावपुऱ्यातल्या लहान प्रेसला ते परवडत नाही. म्हणजे प्रत्येक कामाची पीडीएफ प्लेटवाल्याकडे गेली आहे. तो थोडे महिने तरी फायली ठेवतो, काही जण वर्षानुवर्षं ठेवतात. त्याला मिठाईचा डबा द्या आणि एक रिकामी डिस्क द्या. मजकूर कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांचं चित्र झालेला असेल, नावं बदलता येणार नाहीत, पण गणपती, किनार, मांडणी, रंग सगळं जसंच्या तसं मिळेल.

तिसरं, दिरांचं व्हॉट्सॲप आणि ईमेलचं ‘सेंट’. प्रत्येक पत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाला गेलेलं असतं, ‘काकांचं नाव चुकलंय’ असं उत्तर येतं, पुन्हा प्रूफ जातं. ती सगळी माळ तिथे आहे. मोठ्या गिऱ्हाइकांकडे, शाळा, मंडळं, पतपेढ्या, त्यांच्या कामाच्या फायली असतीलच. त्यांना फोन करायला लाजू नका. कॉम्प्युटर आजारी पडला एवढं सांगितलं तरी पुरे. आणि माळ्यावर किंवा कोपऱ्यात आधीचा जुना कॉम्प्युटर पडलेला असेल, तो भंगारात गेला नसेल तर देवच पावला. तो बदलला तोपर्यंतचं सगळं त्याच्या पोटात.

एक गोष्ट छापखानेवाले हमखास विसरतात: फॉन्ट. तुमची जुनी मराठी-गुजराती कामं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, नाहीत, त्या-त्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. फाइल परत मिळाली पण फॉन्ट नसला, तर ‘शुभविवाह’च्या जागी कचरा उमटतो. फॉन्टांचा फोल्डर आधी शोधा, आणि यापुढे बॅकअपमध्ये तो पहिला घ्या.

आता पुढचं. बॅकअप तुम्ही घेत होता, तुमच्या पिढीतले बरेच धंदेवाले तेवढंही करत नाहीत. चूक एवढीच की बॅकअप आणि मूळ एकाच वायरीला बांधलेले होते. मी मकरपुऱ्याला एका कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटरच्या खात्यात होतो तेव्हा दर शनिवारी टेपवर बॅकअप घ्यायचो. वही होती, सही होती, टेपांवर सुवाच्य अक्षरात तारखा होत्या. एक दिवस टेपचा ड्राइव्हच बिघडला. नवीन आणला, तर त्याला जुनी एकही टेप वाचता येईना. जुन्या ड्राइव्हचं हेड कित्येक वर्षं किंचित वाकडं होतं. स्वतःचं वाकडं लिहिलेलं तो स्वतः बिनचूक वाचायचा, दुसऱ्या कुणाला ते वाचताच यायचं नाही. दीडशे टेपा, सगळ्यांवर माझी सही. त्यानंतर मी कुणाच्याही बॅकअपवर तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय विश्वास ठेवलेला नाही. माझ्या स्वतःच्यासुद्धा.

अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम तुमच्या कॉम्प्युटरवाल्याने ऐकला असेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. छान आहे. बडोद्यापुरती मी त्यात थोडी दुरुस्ती करतो: एक प्रत तळमजल्यावर नको. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास वीस इंच पाऊस झाला आणि मगरी सोसायट्यांत फिरल्या, आठवतं ना? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा घरांत शिरली. तेव्हा माझ्या ओळखीच्या एका औषधवाल्याचा कॉम्प्युटर टेबलावर होता म्हणून वाचला आणि बॅकअपची डिस्क खालच्या ड्रॉवरमध्ये होती म्हणून बुडाली. तो अजून हसतो, पण तेव्हा रडला होता.

तुम्ही असं करा. सारख्या दोन डिस्का घ्या. एकीवर लाल ठिपका, एकीवर हिरवा. या शनिवारी लाल, पुढच्या शनिवारी हिरवी. दुकान बंद करताना टॅली सगळीकडून बंद करायची, टॅलीच्या आतल्या ‘बॅकअप’नेच प्रत काढायची, डिझाइनचा आणि फॉन्टांचा फोल्डर कॉपी करायचा, डिस्क उपसायची आणि पर्समधून घरी न्यायची. आधीची डिस्क घरीच असते, ती पुढच्या शनिवारी दुकानात येते. अशी एक डिस्क नेहमी घरी, वरच्या मजल्यावर, आणि कुठलीही डिस्क कॉम्प्युटरला अर्ध्या तासापेक्षा जास्त जोडलेली नाही. या आठवड्यात सगळं लुटलं गेलं तरी मागच्या आठवड्याचं हाती आहे. दोन डिस्का एकाच दिवशी एकाच पर्समधून नेऊ नका, रिक्षात विसरतात. हे मी कुणाचं तरी ऐकून लिहीत नाहीये.

टॅलीचं मात्र आठवड्याला एकदा पुरत नाही, ते रोज. टॅलीचा बॅकअप झिप होऊन फार मोठा होत नाही, पासवर्ड घालून तो गूगल ड्राइव्हवर टाका. फुकटच्या १५ जीबीत वर्ष निघेल, फक्त ते १५ जीबी जीमेल आणि फोटोंबरोबर वाटून घ्यावे लागतात हे लक्षात असू द्या. झिपचा पासवर्ड कॉम्प्युटरवर लिहून ठेवायचा नाही, घरच्या वहीत लिहा. आणि इथे एक खड्डा आहे. कॉम्प्युटरवरचा फोल्डर आपोआप ड्राइव्हशी जुळता ठेवणारी जी सोय आहे, तिला लोक बॅकअप समजतात. कॉम्प्युटरवरची फाइल बिघडली की ती बिघडलेली फाइल इमानदारीने वर जाते. जुन्या आवृत्त्या आणि कचरापेटी गूगल साधारण ३० दिवस ठेवतं. तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. म्हणून रोजची प्रत तारखेच्या वेगळ्या नावाने, हाताने टाका. दोन मिनिटं लागतात.

तीन महिन्यांतून एकदा कुठल्याही डिस्कवरून टॅलीचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोर करून बघा, प्रत काढली त्या दिवसाचं शेवटचं बिल दिसतं का ते तपासा. चार जुन्या पत्रिका उघडा. माझ्या दीडशे टेपांची शपथ आहे. दिवाळीत चोपडापूजन कराल तेव्हा वर्षाची एक वेगळी प्रत काढा आणि ती परगावी, माहेरी किंवा बहिणीकडे, पाठवून द्या. ती पुन्हा वापरायची नाही. लाल वहीशेजारी डिस्कला हळदीकुंकू लागलं तर लक्ष्मी नाराज होणार नाही.

नेटवर्कचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या दुकानात मुख्य दार वायफाय नाही, पेनड्राइव्ह आहे. बडोद्यातली कॉलेजची पोरं, मंडळाचे कार्यकर्ते, वकिलांचे शिपाई, सगळे तुमच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन येतात, आणि प्रत्येकाचा पेनड्राइव्ह आधी आणखी चार ठिकाणी जाऊन आलेला असतो. काउंटरवर एक जुना, धडधाकट कॉम्प्युटर ठेवा, नेटवर्कला न जोडलेला. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त तिथे लागेल. हवी ती फाइल तपासून तुमच्या स्वतःच्या पेनड्राइव्हने आत न्यायची. थोडी कटकट होते. व्हॉट्सॲपवर मागवता आली तर तेच बरं.

टॅलीच्या कॉम्प्युटरचं शेअरिंग बंद. दिरांच्या कॉम्प्युटरला तुमच्या खातेवहीत लिहायचा अधिकार असण्याचं कारणच नव्हतं, त्यांच्या डिझाइनला लागतो तेवढा एकच फोल्डर शेअर करा. रोज काम करायचं ते साध्या खात्यातून. नवीन सॉफ्टवेअर टाकायला लागणारा ॲडमिनचा पासवर्ड वेगळा, आणि तो तुमच्याकडे. विंडोजच्या सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची सोय आहे, ती अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फोल्डरांत हात घालू देत नाही. पहिले दोन दिवस ती टॅलीलासुद्धा अनोळखी म्हणेल, तिला ओळख करून द्या, बंद करू नका. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. जुनं काही चालू असेल तर ते नेटपासून तोडा. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हे रॅन्समवेअर जगभर पसरलं, तेव्हा त्याच्यावरचं औषध मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं ते बुडाले.

राउटरच्या पाठीवर छापलेला पासवर्ड बदला. गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचं तर गेस्टचं द्या. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या पेटीचा (डीव्हीआर) पासवर्ड लावणाऱ्याने ठेवला तोच असेल, तोही बदला. कॉम्प्युटरवाला घरबसल्या तुमच्या मशीनमध्ये शिरतो ते सॉफ्टवेअर काम झालं की बंद करायचं, कायमचा पासवर्ड त्याला द्यायचा नाही. राउटरवर रिमोट डेस्कटॉपसाठी, म्हणजे बाहेरून कॉम्प्युटर चालवण्यासाठी, त्याने पोर्ट (आत यायची वाट) उघडून ठेवला असेल तर तो आजच मिटवा. याहून जास्त करायची तुमच्या एवढ्याशा कॉम्प्युटरांना गरज नाही. कुणी नेटवर्कवर पहारा ठेवणारी महागडी फायरवॉलची पेटी विकायला आला तर त्याला शेव-उसळ खाऊ घाला आणि परत पाठवा.

राहिला फुकटच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न. दिरांनी चोरून आणलं, हे खरं. पण चौदा वर्षं त्या प्रेसमध्ये ज्या सॉफ्टवेअरवर कामं झाली त्याचं बिल कुणाकडे आहे, हे सासऱ्यांनाही विचारा, हळूच. रावपुरा, दांडिया बाजार ते थेट मांडवीपर्यंत किती डिझाइनवाल्यांकडे असेल, मला माहीत आहे, तुम्हालाही. आता ते थांबवा. एका मशीनपुरतं लायसन घ्या, ते तुमच्या मुख्य डिझाइनच्या मशीनवर. साधी बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर होतात. ते खरोखर फुकट आहे, २००३ पासून आहे, आणि त्याला क्रॅक लागत नाही. दीर नाक मुरडतील, महिनाभर मुरडू द्या.

शनिवारच्या डिस्कचं काम मात्र त्यांनाच द्या, तुम्ही फक्त वहीत तारीख लिहा.

आणि एक. प्रत्येक जुन्या छापखान्यात नमुन्यांचे आल्बम असतात, छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एकेक प्रत चिकटवलेली, गिऱ्हाइकाला दाखवायला. तुमच्या सासऱ्यांनी ट्रेडलच्या दिवसांपासून ते ठेवले असणार, आणि कुठल्या पानावर कुणाची पत्रिका आहे ते त्यांना तोंडपाठ असणार. जी डिझाइनं प्लेटवाल्याकडे किंवा व्हॉट्सॲपवर सापडणार नाहीत ती तिथून स्कॅन करून पुन्हा काढावी लागतील. कुठली अजून चालतात आणि कुठली सोडून द्यायची हे सासऱ्यांनाच कळेल, आणि स्कॅनर व ट्रेसिंग दिरांनाच जमेल. आल्बम माळ्यावरून खाली काढा, दोघांच्या मध्ये ठेवा आणि तुम्ही सीएला फोन करायला बाहेर जा.

चिठ्ठीतल्या आयडीची शेवटची दोन अक्षरं तेवढी मला कळवा.